एका अणूचा पापुद्रा

ग्राफीनबद्दल पहिल्यांदा वाचणारा माणूस थोड्याच वेळात एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. पोलादाहून शंभरपट बळकट, तांब्याहून उष्णता जास्त वेगाने वाहून नेणारा, काचेसारखा पारदर्शक असा हा पदार्थ. आणि तो मिळतो कशातून, तर पेन्सिलीच्या शिशातून! २००४ साली तो वेगळा केला गेला, २०१० साली त्याच्या संशोधकांना नोबेल पारितोषिकही मिळालं. मग हा पदार्थ आहे कुठे? आपल्या फोनमध्ये, गाडीत, घराच्या भिंतीत तो अजून का आला नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना ग्राफीन म्हणजे काय हे तर कळतंच, पण प्रयोगशाळेतला शोध आणि कारखान्यातला माल यांच्यात केवढं अंतर असतं, तेही कळतं. माझ्या मते ग्राफीनची खरी गोष्ट त्या अंतराचीच आहे. सुरुवात मात्र पेन्सिलीपासून करू.

१. पेन्सिलीच्या शिशात काय असतं?

पेन्सिलीत असतो ग्राफाइट, चिकणमाती मिसळून भाजलेला. ग्राफाइट म्हणजे शुद्ध कार्बन. हिरासुद्धा शुद्ध कार्बनच. एक काच कापतो आणि दुसरा कागदावर घासला तरी झिजतो, हा फरक फक्त अणूंच्या मांडणीचा आहे.

कार्बनच्या प्रत्येक अणूकडे शेजाऱ्यांशी बंध जोडण्यासाठी चार इलेक्ट्रॉन असतात. हिऱ्यात हे चारही इलेक्ट्रॉन चार दिशांच्या चार शेजाऱ्यांशी बांधलेले असतात, म्हणून हिरा सगळ्याच दिशांनी कठीण. ग्राफाइटमध्ये अणूला शेजारी तीनच, आणि तेही एकाच पातळीत. त्यामुळे अणूंची षटकोनी जाळी तयार होते. दोन शेजारी अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.) चौथा इलेक्ट्रॉन कुणा एका शेजाऱ्याशी बांधलेला नसतो, तो जाळीभर फिरत राहतो. या मोकळ्या इलेक्ट्रॉनची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

अशा असंख्य जाळ्या एकावर एक रचल्या की ग्राफाइट होतो. दिवाळीतला चिरोटा आठवा. त्याचा प्रत्येक पापुद्रा आतून सलग असतो, पण दोन पापुद्र्यांमध्ये साटा असल्यामुळे ते एकमेकांना घट्ट धरून नसतात. बोटाने जरा दाबलं की सुटतात. ग्राफाइटच्या जाळीतले बंध फार बळकट असतात, तर दोन जाळ्यांमधली ओढ अगदी क्षीण. त्यामुळेच पेन्सिल कागदावर फिरवली की पापुद्र्यांचे गठ्ठे सुटून कागदाला चिकटतात, आणि आपल्याला रेघ दिसते.

या गठ्ठ्यातला एकच पापुद्रा सुटा केला की ते ग्राफीन. त्याची जाडी एका अणूएवढी.

आकडेमोड करून पाहू. ग्राफाइटमध्ये दोन पापुद्र्यांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये सुमारे ३० लाख पापुद्रे झाले. आता वजन बघा. एक चौरस मीटर ग्राफीनचं वजन ०.७७ मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. एक एकर म्हणजे साधारण ४,०५० चौरस मीटर. अख्खं एकरभर रान एका पापुद्र्याने झाकायचं म्हटलं तर ग्राफीन लागेल तीन ग्रॅमच्या थोडं वर.

कच्चा माल इतका थोडा लागतो, आणि तो दुर्मीळही नाही. तेव्हा अडचण कच्च्या मालाची नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट झालं.

२. मँचेस्टरची चिकटपट्टी

ग्राफाइटला पापुद्रे असतात हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. १९४७ साली पी. आर. वॉलेस यांनी एका सुट्या पापुद्र्यात इलेक्ट्रॉन कसे वागतील याचं गणितही मांडलं होतं. पण ते गणितच राहिलं. कारण लेव्ह लांडाऊ आणि रुडॉल्फ पायर्ल्स या दोन मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात दाखवून दिलं होतं की खऱ्या अर्थाने सपाट, दोनच मितींचा स्फटिक टिकू शकणार नाही. उष्णतेच्या हालचालीनेच त्याची घडी विस्कटेल. १९६२ साली जर्मनीत हान्स-पीटर बोम यांनी कार्बनचे अतिशय पातळ थर मिळवले होते, पण एका थरावर मोजमापं घेऊन त्याचे गुण तपासणं तेव्हा जमलं नव्हतं.

मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम यांची एक पद्धत होती. नेहमीचं काम बाजूला ठेवून, यश येईल की नाही याची फिकीर न करता काही प्रयोग करून बघायचे. शुक्रवार संध्याकाळचे प्रयोग म्हणून ते ओळखले जात. याच वृत्तीतून त्यांनी आधी चुंबकीय क्षेत्रात जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला होता. ग्राफाइटचा जमेल तितका पातळ तुकडा करायचं काम त्यांनी दा जिआंग या विद्यार्थ्याला दिलं. त्याने तो घासूनघासून पातळ केला, तरी उरलेला कण सुमारे दहा मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) जाडीचा होता. म्हणजे त्यात अजून हजारो पापुद्रे शिल्लक होते.

ओलेग श्क्ल्यारेव्हस्की हे सहकारी वेगळ्याच सूक्ष्मदर्शकावर काम करत. तिथे ग्राफाइटचा पृष्ठभाग ताजा करण्यासाठी त्यावर चिकटपट्टी लावून ओढायची रीत होती. वरचा खराब थर पट्टीबरोबर निघून जाई आणि पट्टी केराच्या टोपलीत जाई. त्यांनी ती पट्टी गाइम यांना आणून दिली. पट्टीला चिकटलेले तुकडे घासलेल्या कणापेक्षा कितीतरी पातळ निघाले. मग गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी तेच काम नेटाने केलं. पट्टी चिकटवायची, दुमडायची, उलगडायची. प्रत्येक वेळी गठ्ठा दुभंगतो. शेवटी पट्टी सिलिकॉनच्या चकतीवर दाबायची.

खरी गंमत पुढे आहे. एका अणूच्या जाडीची वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार कशी? चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर होता. त्या जाडीला प्रकाशलहरींचं गणित असं काही जुळतं की एक पापुद्रा पडला तरी त्या जागेचा रंग किंचित बदललेला दिसतो. थर दुसऱ्या जाडीचा असता, तर समोर पडलेलं ग्राफीन डोळ्यांना दिसलंच नसतं. शोधाचं श्रेय चिकटपट्टीइतकंच या चकतीलाही द्यायला हवं, असं मला वाटतं.

ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि सहा वर्षांत नोबेल आलं. लांडाऊ आणि पायर्ल्स यांचं गणित चुकलं नव्हतं. सुटा पापुद्रा अगदी सपाट राहतच नाही, त्याच्यावर सूक्ष्म लाटा उठतात. शिवाय तो बहुधा कशाच्या तरी आधाराला असतो. त्यामुळे तो टिकतो.

३. एवढं काय आहे या पापुद्र्यात?

आधी बळ. २००८ साली कोलंबिया विद्यापीठात जेम्स होन यांच्या गटाने सिलिकॉनवर मायक्रॉनभर रुंदीची भोकं पाडली, त्यांवर ग्राफीन ताणून बसवलं आणि अतिसूक्ष्म टोकाने मधोमध दाबून ते कधी फाटतं हे मोजलं. नोबेल समितीने त्या आकड्यावरून एक उदाहरण दिलं. एक चौरस मीटर ग्राफीनचा झोपाळा बांधला, तर त्यावर चार किलोची मांजर झोपू शकेल. आणि झोपाळ्याचं स्वतःचं वजन त्या मांजरीच्या एका मिशीएवढं असेल. तेवढ्याच जाडीचा पोलादी पत्रा हिशेबापुरता गृहीत धरला, तर तो शंभराव्या हिश्श्याहूनही कमी वजन पेलेल. म्हणजे चाळीस ग्रॅमसुद्धा नाही. पोलादाहून शंभरपट बळकट, हे वाक्य इथून आलं.

पण त्या प्रयोगातला पापुद्रा मायक्रॉनभर आकाराचा होता आणि त्यात एकही खोट नव्हती. २०१४ साली राईस विद्यापीठ आणि जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी ग्राफीनला मुद्दाम बारीक चीर पाडून ते ताणलं. चीर झरझर पुढे सरकली. ग्राफीन कडक आहे, बळकट आहे, पण चिवट नाही. एकदा फाटायला लागलं की काचेसारखं फाटत जातं. चौरस मीटरभर ग्राफीनमध्ये एकही चीर, एकही भोक नसेल तरच ती मांजर सुखाने झोपेल. ही अट बातम्यांमध्ये सहसा गाळली जाते.

उष्णतेचंही असंच आहे. खोलीच्या तापमानाला तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० एककं आहे. कॅलिफोर्नियात अलेक्झांडर बलांदिन यांच्या गटाने २००८ साली अधांतरी ताणलेल्या ग्राफीनसाठी ५,००० च्या आसपासचा आकडा मोजला. पुढे दुसऱ्या गटाने ग्राफीन सिलिकॉन डायऑक्साइडवर टेकवून मोजलं, तर आकडा ६०० वर आला. ग्राफीनमध्ये उष्णता वाहते ती मुख्यतः अणूंच्या कंपनांतून. खाली जमीन आली की कंपनं तिच्यात झिरपतात. म्हणजे पदार्थ तोच, पण नुसता टेकवल्यामुळे त्याचा गुण आठ-दहापट घटला.

आता तो चौथा इलेक्ट्रॉन. जाळीभर मोकळे फिरणारे हे इलेक्ट्रॉन जणू त्यांना वस्तुमानच नसल्यासारखे, सेकंदाला सुमारे दहा लाख मीटर वेगाने धावतात. विजेचा दाब दिल्यावर इलेक्ट्रॉन किती चपळाईने सरकतात याचं एक माप आहे. सिलिकॉनसाठी ते १,४०० च्या आसपास येतं. अधांतरी ग्राफीनसाठी, फार कमी तापमानाला, ते दोन लाखांपर्यंत मोजलं गेलं आहे. सिलिकॉन डायऑक्साइडवर टेकवलेल्या ग्राफीनसाठी मात्र ते दहा हजारांच्या आसपास येतं. इथेही तोच अनुभव.

पारदर्शकतेचं मोजमाप मात्र मला सगळ्यांत सुंदर वाटतं. मँचेस्टरच्याच गटाने २००८ मध्ये ते केलं, आणि त्या निबंधावर पहिलं नाव राहुल नायर या भारतीय संशोधकाचं आहे. ग्राफीनचा एक पापुद्रा पडणाऱ्या प्रकाशातला २.३ टक्के भाग शोषतो. हा आकडा पदार्थाच्या कुठल्याही खास गुणावर अवलंबून नाही. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्यातलं नातं किती घट्ट आहे हे सांगणारा एक मूलभूत स्थिरांक आहे, सुमारे एक भागिले १३७. त्याला पायने, म्हणजे ३.१४ ने गुणा. उत्तर ०.०२३ येतं. विश्वाच्या रचनेतला एक आकडा सूक्ष्मदर्शकाखाली असा सरळ मोजता यावा, हे विलक्षण आहे. दोन पापुद्रे ठेवले की शोषण दुप्पट. दहा ठेवले तर दर पापुद्र्याला ९७.७ टक्के प्रकाश पुढे जात जात शेवटी सुमारे ७९ टक्के उरतो.

आणखी एक गुण: निर्दोष ग्राफीनमधून हेलियमसारखा चिमुकला वायूसुद्धा आरपार जात नाही.

४. बंद न होणारं बटण

इतके चपळ इलेक्ट्रॉन असताना संगणकाच्या चिप ग्राफीनच्या का झाल्या नाहीत? कारण चिपमधला ट्रान्झिस्टर हे एक बटण असतं. त्याचं काम वीज चालू करणं आणि बंद करणं. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला बांधलेल्या अवस्थेतून मोकळ्या अवस्थेत जायला ऊर्जेची एक दरी ओलांडावी लागते. ती दरी आहे म्हणून बटण बंद करता येतं. ग्राफीनमध्ये ही दरीच नाही, त्यामुळे वीज पूर्ण थांबत नाही. जो गुण इलेक्ट्रॉनला चपळ करतो, त्याच्याच पोटी ही अडचण आहे.

ग्राफीनच्या अरुंद पट्ट्या कापून किंवा त्यात रासायनिक बदल करून दरी निर्माण करता येते, पण बहुतेक वेळा चपळाई हरवते. वॉल्ट डी हीर यांच्या जॉर्जिया टेक आणि चीनमधील त्यांजिन इथल्या गटाने जानेवारी २०२४ मध्ये सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या थरात ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी मिळवल्याचं दाखवलं. काम महत्त्वाचं आहे, पण त्यावरून लगेच सिलिकॉनची सद्दी संपल्याचं सांगणं घाईचं ठरेल.

५. चुरा हवा की अख्खा पापुद्रा?

चिकटपट्टीने मिळणारं ग्राफीन आजही उत्तम प्रतीचं मानलं जातं. पण एकेक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली शोधावा लागतो, आणि तो असतो मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका. प्रयोगासाठी ते पुरतं. कारखान्याला टनांत माल हवा असतो, किंवा चौरस मीटरमध्ये. या दोन मागण्यांनी दोन वेगळे रस्ते काढले.

पहिला रस्ता ग्राफाइटच फोडण्याचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जोनाथन कोलमन यांच्या गटाने २००८ साली ग्राफाइटची पूड एका खास द्रावकात घालून तिच्यावर ध्वनिलहरींचा मारा केला. लहरींच्या धक्क्याने पापुद्रे सुटले, आणि द्रावकाच्या रेणूंनी ते वेगळे धरून ठेवले. सुटलेलं प्रमाण होतं मिलिलिटरला सुमारे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम, आणि एका ग्रॅमसाठी शंभर लिटर द्रावक. २०१४ मध्ये त्याच गटाने वेगाने फिरणाऱ्या पात्यांचं घुसळणयंत्र वापरून हेच काम शेकडो लिटरपर्यंत वाढवता येतं हे दाखवलं. स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये ग्राफाइट, पाणी आणि भांडी घासायचा साबण घालूनही त्यांनी पापुद्रे सुटे केले.

पण घुसळलेल्या चिरोट्यातून अख्खे पापुद्रे निघत नाहीत, चुराच निघतो. तुकडे नॅनोमीटरच्या शेकड्यांत मोजण्याइतके लहान, आणि बरेचसे एकेरी नसून पाच-सात पापुद्र्यांचे. दुसरी अडचण जास्त कठीण आहे. हा चुरा सुकवला की पापुद्रे एकमेकांना पुन्हा चिकटतात आणि एवढ्या खटपटीनंतर हातात परत ग्राफाइट येतो. त्यामुळे तो द्रवातच ठेवावा लागतो किंवा थेट प्लास्टिकमध्ये, रंगात मिसळावा लागतो.

रसायनांची वाट याहून जुनी आहे. १८५९ साली ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडी यांनी ग्राफाइटवर तीव्र नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटचा प्रयोग केला होता. १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटची तुलनेने सुरक्षित कृती दिली, आणि तिचे सुधारित प्रकार आजही चालतात. ऑक्सिजनचे अणू पापुद्र्यांवर जाऊन बसतात, पापुद्रे दूर सरतात, मधे पाणी शिरतं आणि सगळं आपसूक सुटं होतं. एकेरी पापुद्रे भरपूर मिळतात. पण आता हे ग्राफीन राहिलेलं नसतं, ते ग्राफीन ऑक्साइड असतं, आणि त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. उष्णतेने किंवा रसायनांनी ऑक्सिजन काढून टाकता येतो, पण जाताना तो जाळीत भोकं ठेवून जातो. शिवाय आम्लाचं आणि मँगनीजचं सांडपाणी उरतं, ते निस्तरण्याचा खर्च वेगळा.

अलीकडची एक कल्पना या दोन्हींपेक्षा निराळी आहे. टेक्सासच्या राईस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०२० साली कोळसा, टाकाऊ अन्न, प्लास्टिक अशा कार्बनयुक्त वस्तूंमधून विजेचा झटका सोडला. सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात तापमान सुमारे ३,००० केल्विनवर गेलं आणि कार्बनचे अणू ग्राफीनच्या रूपात मांडले गेले. यातले पापुद्रे एकमेकांवर वेडेवाकडे पडलेले असल्यामुळे सहज सुटतात. कचऱ्यातून उपयोगी माल काढणारी ही पद्धत मला फार आशादायक वाटते. पण मिळतो तो चुराच, सलग पापुद्रा नाही.

६. तांब्यावर वाढलेला पापुद्रा

सलग पापुद्रा हवा असेल तर तो फोडून मिळणार नाही, अणूअणूने वाढवावा लागेल. २००९ साली टेक्सास विद्यापीठात रॉडनी रुऑफ यांच्या गटाने ते तांब्यावर करून दाखवलं.

भट्टीत तांब्याचा पातळ पत्रा ठेवायचा, तापमान सुमारे १,००० अंश सेल्सिअसवर न्यायचं आणि मिथेन वायू सोडायचा. गरम तांब्यावर मिथेनचे रेणू फुटतात. हायड्रोजन निघून जातो, कार्बन पृष्ठभागावर राहतो आणि अणू आपोआप षटकोनी जाळीत बसत जातात. तांबंच का? निकेलवर हा प्रयोग केला तर गरम निकेलमध्ये कार्बन विरघळतो, आणि थंड होताना बाहेर पडून कुठे दोन, कुठे दहा थर तयार करतो. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे सगळं काम पृष्ठभागावर चालतं, आणि एका थराने तांबं झाकलं गेलं की मिथेन फोडायला उघडं तांबंच उरत नाही. वाढ स्वतःहून थांबते. मला वाटतं, ग्राफीन बनवण्याच्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत देखणी आहे.

पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियातल्या सुंगक्युनक्वान विद्यापीठ आणि सॅमसंगच्या संशोधकांनी ३० इंची ग्राफीनची पट्टी तयार करून तिचा स्पर्शपडदा बनवला. २०१३ साली सोनीच्या संशोधकांनी शंभर मीटर लांबीची पट्टी केली. तेव्हा वाटलं होतं की फोनच्या पडद्यातला वीज वाहणारा पारदर्शक पदार्थ, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड, आता हटणार. तो हटला नाही. कारणं मुख्यतः तीन.

पहिलं, वाढ एकाच जागी सुरू होत नाही. तांब्यावर हजारो ठिकाणी जाळीची बेटं उगवतात आणि वाढत वाढत एकमेकांना भिडतात. प्रत्येक बेटाचे षटकोन वेगळ्या दिशेला तोंड करून असतात, म्हणून सांधे नीट जुळत नाहीत. तिथे वीज अडखळते. यावर उपाय निघाला आहे. २०१७ मध्ये बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठाच्या गटाने तांब्याचा पत्राच आधी एका स्फटिकाचा करून घेतला. त्यामुळे सगळी बेटं एकाच दिशेने उगवली आणि वीस मिनिटांत ५ बाय ५० सेंटिमीटरचा जवळजवळ एकसंध पापुद्रा मिळाला.

दुसरं कारण मला सर्वांत अवघड वाटतं. ग्राफीन वाढलं तांब्यावर, पण हवं आहे काचेवर किंवा सिलिकॉनवर. एका अणूच्या जाडीची वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची कशी? नेहमीची पद्धत अशी: ग्राफीनवर प्लास्टिकचा पातळ लेप द्यायचा, खालचं तांबं रसायनात विरघळवायचं, पाण्यावर तरंगणारा लेपासकट पापुद्रा नव्या पृष्ठभागावर अलगद उचलून घ्यायचा आणि शेवटी ॲसिटोनने प्लास्टिक काढून टाकायचं. यात पापुद्रा फाटतो, त्याला सुरकुत्या पडतात, खाली पाणी अडकतं आणि प्लास्टिकचे कण मागे राहतात.

खर्चाचा अंदाज एका हिशेबावरून येईल. नेहमी वापरला जाणारा पत्रा २५ मायक्रॉन जाडीचा असतो. एक चौरस मीटर पत्र्यात सुमारे २२४ ग्रॅम तांबं. त्यावर तयार होणारं ग्राफीन एका बाजूला ०.७७ मिलिग्रॅम. म्हणजे जे हवं आहे त्याच्या जवळपास तीन लाख पट वजनाचं तांबं विरघळवून टाकायचं! म्हणून आता तांबं वाचवायच्या युक्त्या पुढे आल्या आहेत. वीज सोडून तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे काढायचे, त्यांनी पापुद्रा वर उचलला जातो आणि पत्रा पुन्हा वापरता येतो.

तिसरं कारण सातत्याचं. एका प्रयोगशाळेतली कृती दुसरीत जशीच्या तशी केली तरी माल वेगळा निघे, आणि कित्येक वर्षं याचं कारण सापडत नव्हतं. मे २०२४ मध्ये कोलंबिया आणि माँट्रिअल विद्यापीठांच्या गटाने एक मोठं कारण दाखवून दिलं: भट्टीत राहून जाणारा अगदी नाममात्र ऑक्सिजन. तो पूर्ण काढून टाकला की वाढ वेगाने आणि दर वेळी सारखी होते. नोबेलनंतर चौदा वर्षांनी हे समजलं. कारखानदारीत अशा बारीक गोष्टीच निर्णायक ठरतात, आणि त्यांना बातमीत जागा मिळत नाही.

७. बरणीत नक्की काय आहे?

ग्राफीन म्हणून बाजारात जी पूड विकली जाते, तिच्यात ग्राफीन असतं का? २०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात अँटोनियो कास्त्रो नेटो यांच्या गटाने हा प्रश्न सरळ विचारला. अमेरिका, आशिया आणि युरोपातल्या ६० कंपन्यांचे नमुने त्यांनी तपासले. दहापर्यंत पापुद्र्यांचा तुकडा ग्राफीन म्हणून चालवून घ्यायचा, अशी बरीच सैल अट ठेवली. तरी बहुतेक नमुन्यांत ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी निघालं, आणि एकाही नमुन्यात ते निम्म्यावर गेलं नाही. उरलेला माल म्हणजे बारीक दळलेला ग्राफाइट.

याचा परिणाम दुहेरी झाला. ज्या उद्योगांनी विश्वासाने ही पूड विकत घेऊन प्रयोग केले, त्यांना ग्राफीनमध्ये काही दम नाही असं वाटलं. आणि ज्यांचा माल चांगला होता, तेही त्याच संशयाखाली आले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ सालीच व्याख्या करून ठेवली होती: एक पापुद्रा म्हणजे ग्राफीन, दोन म्हणजे दुहेरी, तीन ते दहा म्हणजे मोजक्या थरांचं. व्याख्या होती, पण ती पाळली जाते का हे तपासणारे कमी होते.

तपासण्याची सर्वांत सोपी रीत आपल्या देशातून गेलेली आहे. १९२८ साली कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी दाखवलं की पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा भाग रंग बदलून येतो, आणि तो बदल रेणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. ग्राफीनवर लेसर टाकला की परतलेल्या प्रकाशात काही ठरावीक शिखरं दिसतात. पापुद्रा एक असेल तर त्यातलं एक शिखर टोकदार आणि उंच येतं. पापुद्रे वाढले की ते रुंदावतं. जाळीत भोकं किंवा चिरा असतील तर आणखी एक शिखर डोकं वर काढतं. केंब्रिजचे आंद्रेआ फेरारी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ही खूण पक्की केली. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक ग्राफीन प्रयोगशाळेत रामन यांच्या नावाचं उपकरण असतं.

८. मग आज ते आहे कुठे?

चुरा वापरात आला आहे. टेनिसच्या रॅकेटमध्ये, गंज रोखणाऱ्या रंगांत, फोन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांत. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये मोटारीच्या इंजिनाभोवतीच्या फोममध्ये ग्राफीन घालायला सुरुवात केली, तेही अर्ध्या टक्क्याहून कमी. आवाज घटला आणि भाग उष्णतेत जास्त टिकू लागले. इंग्लंडमध्ये २०२१ साली एम्सबरी इथल्या एका व्यायामशाळेची जमीन ग्राफीन मिसळलेल्या काँक्रीटची केली गेली. काँक्रीट बळकट झालं तर सिमेंट कमी लागेल, आणि सिमेंट बनवताना हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइडही घटेल, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे केरळात सी-मेट ही संस्था आणि केरळ डिजिटल विद्यापीठ यांनी टाटा स्टीलच्या साथीने ग्राफीनसाठी खास केंद्र उभारलं आहे. या उपयोगांत मांजरीच्या झोपाळ्याची ताकद कुठेच लागत नाही. चुऱ्याचं काम चुरा चोख करतो, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

अख्ख्या पापुद्र्याचा प्रवास हळू आहे. चुंबकीय क्षेत्र मोजणारे आणि रसायनं ओळखणारे संवेदक ही त्याची पहिली बाजारपेठ आहे, कारण तिथे लहान आकार चालतो आणि किंमतही परवडते. मोठ्या पडद्यापर्यंत पोचायला उचलून ठेवण्याचा प्रश्न सुटायला हवा.

ग्राफीनला चमत्कारी पदार्थ म्हणणं आता थांबवावं, असं मला मनापासून वाटतं. त्या शब्दाने संशोधकांवर नको तेवढा दबाव आणला आणि नकली माल विकणाऱ्यांची सोय केली. इलेक्ट्रिक स्कूटरच्या ज्या बॅटरीवर ग्राफीन असं लिहिलेलं असतं, ती पुष्कळदा नेहमीचीच शिसे-आम्लाची बॅटरी असते. ग्राफीन तिच्यात थोडंसं मिसळलेलं असतं. ती वाईट असेलच असं नाही, पण ती ग्राफीनची बॅटरी नव्हे. तेव्हा ग्राफीनच्या नावाने जास्तीचे पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: पापुद्रे किती, मालात ग्राफीनचं प्रमाण किती टक्के, आणि रामन चाचणीचा अहवाल आहे का. उत्तर मिळालं नाही, तर साध्या मालाची जी किंमत असेल तेवढीच द्या.